हो नावाचं हिरवं बटण

माझ्या थोरल्या दिरांना देवाने एक मोठी देणगी दिली आहे. प्रश्न कुणालाही विचारा, उत्तर तेच देतात. डॉक्टरांनी सासूबाईंना विचारावं, "झोप लागते का?" की दादा हजर, "छान लागते!" जणू रात्रभर उशाशी तेच बसले होते. अर्धांगवायूच्या झटक्याने सासूबाईंची वाचा गेली आणि मग काय, दादांना रान मोकळंच मिळालं.

आमच्या शेजारच्याच घरात राहणाऱ्या सासूबाईंचं डोकं मात्र शाबूत आहे. उजवी बाजू लुळी, डावा हात थरथरता, तरी रोज खिडकीपाशी शिलाई मशीनवर बसतात आणि त्या एका हाताने उशांचे अभ्रे शिवतात. शिवण वाकडी येते, पण येते. त्यांच्यासाठी मी टॅबलेटवर एक बोलकी पाटी बनवली. बटण दाबलं की टॅबलेट तो शब्द मोठ्याने बोलतो. पाणी, चहा, दुखतंय, पंखा, हो, नको. माझी नोकरीच यातली आहे. पडद्यावरची बटणं आणि चौकटी आमची कंपनी तयार करून विकते. बोट टेकल्यावर पुढे काय व्हायचं, ते माझ्या टेबलावर ठरतं. म्हणजे ठरवतात साहेब, निस्तरते मी.

दादांनी पाटी पाहून लगेच तज्ज्ञाचं मत दिलं. "हो मोठं कर. हिरवं कर. तेच मुख्य बटण असू दे. आईला नको म्हणायची सवयच नाही."

आता सवय आहे की नाही हे कळायला आधी ऐकून घ्यावं लागतं, पण थोरल्या दिरांना हे सांगणार कोण? मी हो मोठं केलं, हिरवं केलं, मुख्य केलं.

गेल्या आठवड्यात दादांनी सगळ्यांना बसवलं आणि आईच्या हिताचा निर्णय जाहीर केला. आईचं हे घर बंद करायचं आणि आईने त्यांच्याकडे, बाराव्या मजल्यावर राहायला जायचं. "मशीन तिथे मावणार नाही, पण आता तुला त्याचं करायचंय काय? येशील ना, आई?"

सासूबाईंनी बटण दाबलं. टॅबलेट म्हणाला, "हो."

त्यांनी परत दाबलं. "हो." परत दाबलं. "हो."

"बघा, किती घाई झालीय!" दादांनी टाळीच वाजवली. सासूबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, तर जाऊबाई म्हणतात, "आनंदाश्रू हो!" माझा नवरा नेहमीप्रमाणे मूग गिळून बसला होता. सगळे गेल्यावर सासूबाईंनी टॅबलेट पलंगावर भिरकावला आणि भिंतीकडे तोंड केलं. आनंदाने असं कुणी करतं होय?

दुसऱ्या दिवशी मी पाटीवर ठिपके दिसायची सोय चालू केली. बोट कुठे टेकलं आणि कुठून उचललं, ते त्यात दिसतं. मग विचारलं, "आई, खरंच जायचंय तुम्हाला?" बोट थेट नकोवर आलं. टेकलं, थरथरलं, घसरलं आणि शेजारच्या मोकळ्या जागेतून उचललं गेलं. टॅबलेट खणखणीत म्हणाला, "हो."

कप्पाळ माझं!

त्याचं असं आहे. बटणावर बोट टेकलं आणि त्याच बटणावरून उचललं, तरच ते दाबलं असं धरतात. हा नियम बरा आहे, मन बदललं तर बोट बाजूला सरकवता येतं. पुढचा नियम आमच्या साहेबांचा. असा वाट चुकलेला स्पर्श वाया घालवायचा नाही, मुख्य बटणाला देऊन टाकायचा. "गोंधळलेल्या माणसाला हो म्हणायला मदत करायची," हे त्यांचं तत्त्वज्ञान. दुकानांच्या पडद्यांवर गिऱ्हाईक चुकून हो म्हणतं आणि साहेबांचा सत्कार होतो. तोच माल मी घरी आणून सासूबाईंच्या मांडीवर ठेवला होता. बिचाऱ्या जीव तोडून नको म्हणत होत्या आणि यंत्र दादांची री ओढत होतं. मला इतकी लाज वाटली की काय सांगू!

मी दोन्ही नियम काढून टाकले. बोट टेकलं की लगेच तो शब्द बोलायचा, भरकटलेला स्पर्श कुणालाही द्यायचा नाही. सासूबाईंनी बटण दाबलं. "नको." त्या चपापल्या. मग हसल्या, आणि नुसत्या दाबतच सुटल्या.

दादांना फोन केला. "दादा, आई त्या दिवशी नको म्हणत होत्या."

"अगं, सगळ्यांनी कानांनी ऐकलंय! रविवारी ट्रक येतोय," म्हणाले आणि फोन ठेवला.

रविवारी ट्रक आला. दोन हमालांनी भंगारात द्यायला सगळ्यात आधी मशीनच उचललं. मी टॅबलेट सासूबाईंच्या मांडीवर ठेवला आणि दारात आडवी उभी राहिले. "दादा, एकदा विचारा. मग खुशाल न्या."

"एकदा विचारलंय. बरं, तुझं समाधान. आई, येतेस ना?"

"नको."

दादा हसले. "बिघडलं वाटतं. आई, माझ्याकडे यायचंय ना तुला?"

"नको."

"त्या दिवशी तर नीट चालत होतं!" दादांनी स्वतः बटणं दाबून पाहिली. हो दाबलं तर हो, नको दाबलं तर नको. काही केल्या त्यांना त्यात खोट सापडेना. इतक्यात माझ्या नवऱ्याला कंठ फुटला. "दादा, आई नको म्हणतेय."

दादा आईच्या पायाशी खाली बसले. म्हणाले, "मग तुला हवंय तरी काय, आई?"

जन्मात पहिल्यांदा त्यांनी हा प्रश्न विचारला होता आणि त्याच्या उत्तराचं बटण पाटीवर नव्हतंच. सासूबाईंनी हात उचलला. तो थरथरत वर यायला वेळ लागला, दादांचे ओठ हललेसुद्धा, पण ते गप्प राहिले. बोट मशीनकडे गेलं, मग खिडकीकडे वळलं.

"ठेवा परत," दादा हमालांना म्हणाले आणि उठून त्यांनी मशीनला स्वतः हात लावला.

मी लगेच पुढे झाले. "आईंना ते जरा डावीकडे हवंय," मी सांगितलं. "तिकडे उजेड चांगला येतो, त्यांना तिथेच..."

"नको," टॅबलेट म्हणाला.

मी वळून पाहिलं. सासूबाई माझ्याकडेच रोखून बघत होत्या, आणि त्यांचं बोट नकोवर घट्ट टेकलेलं होतं.