कंदहारची पट्टी

अँब्रोज टॅरंटच्या कोटावर चार पदकं होती: क्रिमिया, हिंदुस्थान, चीन, अफगाणिस्तान. सारी उमर त्याने फौजेत शस्त्रवैद्य म्हणून काढली होती. तरी इंग्लंडातल्या साउथसीच्या क्लबातले तोफखान्याचे म्हातारे अजून त्याची फिरकी घेत, "काय हो हाडकापे, एक तरी गोळी झाडलीत का कधी?" टॅरंट हसण्यावारी नेई. ती पदकं त्याला मनातून नकोशीच झाली होती, पण रविवारी चर्चला लावल्याशिवाय सून सोडत नसे.

अशाच एका रविवारी चर्चबाहेर केझाया प्रॅग्नेल नावाची धोबीण त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिने आपलं नाव सांगून रुमालाची गाठ सोडली. आत अफगाण मोहिमेचं पदक होतं आणि त्यावर टॅरंटच्या पदकावर होती तशीच 'कंदहार'च्या लढाईची चांदीची पट्टी.

"पट्टी जुळली म्हणून धीर केला, डॉक्टरसाहेब. आमचा पोरगा जेसी तुमच्याच तंबूत गेला म्हणे."

"कुठं लागलं होतं त्याला?" टॅरंटने विचारलं आणि जीभ चावली. त्या तंबूत माणसांना नावं नसत. डावी मांडी, जबडा, खांदा, अशाच हाका चालत.

"पोटात."

पोटं त्या दिवशी पुष्कळ होती. अफू द्यायची आणि सावलीत निजवायचं, पोटाला दुसरा इलाजच नव्हता. त्यातला एकही चेहरा त्याला आठवेना. लाजेने त्याचे कान तापले.

"पदकाच्या मागं हत्ती कोरलाय. होते का हो खरंच हत्ती?"

"होते की. तोफा वाहायचे."

"मग खूश झाला असेल मेला." ती किंचित हसली. "शेवटी काही बोलला का?"

याचं उत्तर टॅरंटला पाठ होतं. कितीतरी आयांना त्याने ते दिलं होतं. त्या रडत आणि हलक्या होऊन घरी जात.

"'आई' म्हणाला. तुमची आठवण काढली त्यानं."

केझाया रडली नाही.

"मी सावत्र, साहेब. एवढासा होता तेव्हापासून वाढवला, पण एकदा आई म्हणेल तर शपथ. फौजेत निघाला तेव्हाही 'बरंय, मिसेस प्रॅग्नेल' म्हणून गेला." तिने पदक मुठीत घेतलं. "हाक मलाच मारली ना? का त्याच्या सख्ख्या आईला?"

अजून खरं सांगता आलं असतं. टॅरंटने तोंड उघडलंही. पण तिचा चेहरा बघून त्याला ते जमलं नाही.

"तुम्हालाच," तो म्हणाला. "'केझाया आई' म्हणाला."

तेव्हा कुठे तिला रडू फुटलं. भर रस्त्यात तिने त्याचे दोन्ही हात घट्ट धरले.

"ऐकायला तुम्ही एकटेच होतात, साहेब. तुम्ही तरी त्याला विसरू नका."

"नाही विसरणार," टॅरंट म्हणाला.