डेपोतला बाजार

व्यापारी मंडळाचं अध्यक्षपद टेलरताईंच्या गळ्यात पडलं, त्यात त्यांचा काही दोष नव्हता. वार्षिक सभेला त्या उशिरा पोहोचल्या होत्या. एका गिऱ्हाइकाचा कोट संध्याकाळी द्यायचा होता आणि त्याची बाही काही केल्या खांद्याला नीट बसत नव्हती. शेवटी ती उसवून पुन्हा लावली, दुकानाला कुलूप घातलं आणि केसांतला दोरा तसाच ठेवून ताई सभागृहात मागच्या खुर्चीवर टेकल्या. तोवर सभेचं घोडं नेहमीच्या जागी अडलं होतं.

एकीकडे हार्डवेअरवाले, दुसरीकडे भांडीवाले. दोघंही अध्यक्षपदाला उभे आणि दोघांच्या बाजूला मतंही सारखीच. हे दोघं एकमेकांचे साडू. सख्ख्या बहिणींशी त्यांची लग्नं झालेली, दुकानंही शेजारी शेजारी. पण भांडीवाल्यांनी एकदा दुकानाला नवी पाटी लावली आणि ती हार्डवेअरवाल्यांच्या पाटीच्या शेवटच्या दोन अक्षरांवर आली. तेव्हापासून दोघांमधून विस्तव जात नव्हता. पाटी नंतर सरकवली, बोलणं मात्र सुरू झालं नाही.

औषधवाले सगळ्यांत वडीलधारे. ते कंटाळून म्हणाले, "टेलरताईंना करा अध्यक्ष. त्या कुणाच्या बाजूच्या नाहीत."

"अहो, मी आत्ता आले," ताई म्हणाल्या. "काय चाललंय तेही मला माहीत नाही."

"म्हणूनच तर," औषधवाले म्हणाले. लोकांना घरी जायची घाई होती. टाळ्या पडल्या आणि सभा संपली.

घरी ताईंचे यजमान भाजी परतत होते. त्यांना सगळा गाव ड्रायव्हरसाहेब म्हणायचा. जन्मभर बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. तिथेही ते गाडीत बसल्यासारखेच असत. मध्ये कुणी आलेलं चालायचं नाही आणि सुटायची वेळ कधी चुकायची नाही. बायको अध्यक्ष झाल्याचं ऐकून त्यांनी गॅस बारीक केला.

"करायचं काय असतं त्यात?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. वर्षातून दोनदा भाषण ऐकायचं आणि एकदा करायचं."

ताईंचा हा अंदाज साफ चुकला. महिना उलटायच्या आत नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांनी मंडळाला बोलावलं. मुख्याधिकारी नवे होते, सर्दीने बेजार होते आणि आडवळणाने बोलायची त्यांना सवय नव्हती. बाजारपेठेतल्या रस्त्याखालचे पाण्याचे नळ गंजून सडले आहेत, त्यांनी सांगितलं. सगळा रस्ता खणावा लागेल, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पाच-सहा महिने तिथून माणूस चालू शकणार नाही, मग दुकानं कशी चालणार?

बाहेर आल्यावर एकच गलका झाला. हार्डवेअरवाले म्हणाले, मोर्चा काढू. ते मोर्चा म्हणाले म्हणून भांडीवाले म्हणाले, मोर्चा नको, कोर्टात जाऊ. पुस्तकवाल्यांनी कपाळाला हात लावला. शाळा उघडायच्या तोंडावर रस्ता बंद म्हणजे त्यांचं वर्षच बुडालं. ताईंना तर आजवर या भानगडींतलं काही कळत नव्हतं. कापड किती लागेल, काज कुठे येईल एवढंच त्यांचं जग. त्या घरी आल्या आणि ताटावर बसल्या.

ड्रायव्हरसाहेबांनी वाढता वाढता सगळं काढून घेतलं. मग म्हणाले, "आमचा डेपो रिकामा पडलाय."

"मग?"

"मग काय, जा तिथे. गावाच्या मध्यावर आहे. छप्पर आहे. पन्नास बस उभ्या राहायच्या, तुमची दुकानं नाही का राहणार?"

ताईंचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं डेपो बघायला गेली. नवा डेपो गावाबाहेर मोठ्या रस्त्यावर झाल्यापासून हा बंद होता. रखवालदाराने ड्रायव्हरसाहेबांना ओळखलं आणि काही न विचारता कुलूप काढलं. आत उंच पत्र्याची शेड होती. पत्र्यांच्या मधून काचेच्या पट्ट्या बसवलेल्या, त्यांतून लख्ख उजेड खाली येत होता. बस दुरुस्तीच्या खड्ड्यांवर जाड फळ्या टाकलेल्या. जमिनीत मुरलेला तेलाचा वास अजून होता आणि वर कबुतरांचं राज्य होतं. ड्रायव्हरसाहेब निवृत्त झाल्यापासून इकडे फिरकले नव्हते. खांबांवरचे फलाटांचे आकडे वाचत ते सावकाश चालत राहिले. ताई वर बघत होत्या. असा उजेड त्यांना दुकानात कधीच मिळाला नव्हता. काळ्या कापडावर काळा दोरा घालायचा तर त्या ओटीवर येऊन बसायच्या.

मुख्याधिकाऱ्यांनी ऐकून घेतलं, नाक पुसलं आणि म्हणाले, "जागा द्यायला हरकत नाही. झाडून, धुऊन देतो. पण सगळा रस्ता येणार असेल तरच. अर्धे इथे, अर्धे भलतीकडे, असं असेल तर मी लाइट-पाणी कुणासाठी ओढू?"

ताईंनी दुकान दुकान पालथं घातलं. किराणावाले तयार झाले, बेकरीवाले झाले, घड्याळवाले धुळीबद्दल कुरकुर करत का होईना झाले. राहिले ते दोन साडू.

"तो येणार आहे का?" हार्डवेअरवाल्यांनी विचारलं.

"सगळेच येणार आहेत."

"मग मी नाही. इथे निदान मध्ये भिंत आहे."

भांडीवाल्यांनी तर वाक्यही पुरं होऊ दिलं नाही. "ताई, तुम्हाला चहा सांगतो," ते म्हणाले, "पण तो विषय नको."

ताई दुकानात येऊन मशीनवर बसल्या, पण पाय चालेना. तेवढ्यात त्या दोघांच्या बायका आल्या. त्यांची एक गंमत होती. नवऱ्यांचं बोलणं बंद झाल्यापासून एकमेकींच्या घरी जायची त्यांना चोरी झाली होती, म्हणून त्या ताईंच्या दुकानातल्या पडद्यामागे भेटायच्या. एकीचं फिटिंग असलं की दुसरीचंही असायचंच. एकच ड्रेस कधी उसवायला यायचा, कधी आवळायला. पडद्यामागे माहेरच्या गोष्टी चालायच्या आणि हसणं ऐकू यायचं. ताईंनी आजवर त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. आज काढला.

"मला तुमच्या नवऱ्यांचा होकार पाहिजे," त्यांनी सगळं सांगून झाल्यावर म्हटलं. "माझ्याने तो मिळत नाही."

"आम्ही मध्ये पडलो तर आम्ही भेटतो हे त्यांना कळेल," थोरली म्हणाली.

"ते कळायचं राहिलंय होय?" धाकटी म्हणाली. "एवढी फिटिंग जगात कुणाला लागतात का?"

थोरलीला हसू आवरेना. हसून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "आमची दुकानं तिथे लागून द्याल का? मध्ये भिंत नसलेली?"

"भिंत कुणालाच नाही," ताई म्हणाल्या.

त्या रात्री दोन घरांत काय बोलणं झालं ते कुणालाच कळलं नाही. सकाळी मात्र हार्डवेअरवाले ताईंकडे येऊन म्हणाले की गावाच्या भल्यासाठी माणसाने थोडं सोसलं पाहिजे. थोड्या वेळाने भांडीवाले आले. त्यांनाही गावाचंच भलं करायचं होतं.

हातगाड्या, टेम्पो, हमाल यांची झुंबड उडाली आणि आठवड्याभरात अख्खी बाजारपेठ डेपोत आली. ड्रायव्हरसाहेबांनी खडूने जमिनीवर रेघा मारून जागा आखल्या होत्या. दोन साडूंच्या मधली रेघ त्यांनी जरा बारीक मारली. मध्येच एक जुना प्रवाशांचा बाक होता, तो त्यांनी हलवला नाही. दोघी बहिणी पहिल्याच दिवशी त्या बाकावर जाऊन बसल्या. त्यांचे नवरे एकमेकांकडे पाठ करून सामान लावत होते.

उद्घाटनाला नगराध्यक्ष आले. गर्दी चांगली जमली होती. साप्ताहिकाचा वार्ताहर पुढे उभा राहून लिहून घेत होता. नगराध्यक्षांचा आवाज मुळातच मोठा, त्यात माइक. "हा बाजार म्हणजे," ते म्हणाले, "तुमच्या एकजुटीचं..."

आणि भांडीवाल्यांची मांडणी कोसळली.

असा आवाज त्या शेडने बसचा टायर फुटला तेव्हाही ऐकला नसेल. पातेली, घमेली, डबे, झाकणं सगळीकडे पळाली. काही फळ्यांच्या फटीतून खड्ड्यात गेली. वरची झाडून सारी कबुतरं उडाली. एक झाकण गोल गोल फिरत नगराध्यक्षांच्या पायाशी आलं आणि बराच वेळ घुमत राहून मगच आडवं झालं. कुठूनतरी हसणं सुरू झालं आणि पसरत गेलं. भांडीवाले मध्यभागी उभे होते, कानापर्यंत लाल झालेले. काय उचलावं तेही त्यांना सुचत नव्हतं.

हार्डवेअरवाले हसले नाहीत. रेघ ओलांडून ते पडलेल्या मांडणीपाशी आले आणि वाकून बघू लागले.

"फळी कशावर ठेवली होती?" त्यांनी विचारलं.

लोकांना वाटलं, ते स्वतःशीच बोलताहेत. भांडीवाल्यांनाही तसंच वाटलं असावं, कारण उत्तर यायला वेळ लागला.

"विटांवर."

"विटांवर एवढं वजन ठेवतात का?"

"मग काय, तुझ्याकडे अँगल मागायला यायचं होतं?"

"यायचं होतंस," हार्डवेअरवाले म्हणाले. त्यांनी आपल्या ढिगातून लोखंडी अँगल ओढले, बाही वर केली आणि नट-बोल्ट दातांत धरले. मग तोंड मोकळं करून म्हणाले, "तो दहाचा पाना दे. तो नाही, त्याच्या शेजारचा."

भांडीवाल्यांनी पाना दिला.

बाकावर धाकटीने थोरलीचा हात घट्ट धरला होता. दोघी अगदी सरळ समोर बघत होत्या, जणू त्या दोन माणसांना ओळखतही नाहीत. नगराध्यक्ष शहाणे होते. भाषण तिथेच सोडून त्यांनी पायाशी पडलेलं झाकण उचललं आणि त्याचं पातेलं शोधायला लागले. साप्ताहिकात त्या आठवड्यात मथळा आला, 'डेपोतला बाजार वाजतगाजत सुरू'. भांडीवाल्यांनी तो कापून दुकानात लावला.

साडूंचं लगेच गूळपीठ जमलं असं काही झालं नाही. पहिले काही दिवस दोघं फक्त नट-बोल्टांवर बोलत. मग हवेवर बोलू लागले, मग मुलांच्या शाळेवर, आणि एका दुपारी पाटीवरूनही पुन्हा भांडले. पण ते भांडण बोलून झालं, आणि संध्याकाळी एकाने दुसऱ्याची शटर म्हणून लावलेली ताडपत्री बांधायला हात दिला.

बाजार हळूहळू अंगवळणी पडला. कापडवाल्यांचा धंदा जरा बसला, पुस्तकवाले कबुतरांच्या नावाने रोज बोटं मोडत. पण म्हातारी माणसं बाकांवर येऊन बसायला लागली. मुलांना ऊन नव्हतं, गाड्या नव्हत्या. ड्रायव्हरसाहेबांनी जुन्या चौकशी खिडकीत आपली खुर्ची टाकली आणि तिथला माइक दुरुस्त करून घेतला. रोज सकाळी त्यांचा आवाज यायचा, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. बेकरीचे गरम पाव फलाट क्रमांक तीनवर लागले आहेत." लोक हसत हसत तीनकडे वळायचे. दुपारचा स्वयंपाक त्यामुळे राहू लागला. ताई डबा म्हणून बेकरीचे पाव खायच्या आणि त्याबद्दल तक्रार करायच्या नाहीत. नवऱ्याला इतकं टापटीप, दाढी करून, वेळेवर घराबाहेर पडताना त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

रस्ता तयार झाल्याचं सांगायला मुख्याधिकारी स्वतः आले. सर्दी गेली होती, त्यामुळे ते वेगळेच दिसत होते. त्यांना वाटलं होतं, लोक उड्या मारतील. पण कुणी जागचं हललं नाही. औषधवाल्यांनी विचारलं, "आणखी आठवडाभर इथेच राहिलो तर नाही का चालणार?"

"तसं कसं?" मुख्याधिकारी म्हणाले. "रस्ता तुमच्यासाठीच केलाय."

मग ताई बोलल्या. आताशा बोलायला उठायचं त्यांना काही वाटत नसे. "दुकानं परत नेऊ," त्या म्हणाल्या. "रस्त्यालाही माणसं पाहिजेतच. पण सुट्टीच्या दिवशी बाजार इथे भरू द्या. ज्याला यायचं तो येईल."

मुख्याधिकाऱ्यांनी नगरपालिकेत विषय ठेवला आणि तो मंजूर झाला. डेपो उघडायची, झाडून घ्यायची, जागा लावायची जबाबदारी कुणाकडे द्यायची यावर चर्चा झालीच नाही. किल्ल्या ड्रायव्हरसाहेबांच्या खिशात आधीपासूनच होत्या.

नव्या रस्त्यावर दुकानं उघडली त्या संध्याकाळी सगळा गाव बाहेर पडला होता. दिवे नवे, फरसबंदी नवी. काही न घेता लोक या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसते चालत होते. ताईंनी दुकान जरा लवकर बंद केलं. ड्रायव्हरसाहेब घ्यायला आले होते. दोघं रस्त्याच्या मधून चालू लागली, सगळेच तसे चालत होते म्हणून. वाटेत दहा जणांनी थांबवलं, दहा जणांशी बोलणं झालं.

कोपऱ्यावर ड्रायव्हरसाहेब उभे राहिले आणि डोळे बारीक करून वळणाकडे बघू लागले.

"काय झालं?" ताईंनी विचारलं.

"फरसबंदी पुढे आली आहे. इथून बस वळायची नाही."

"इथून बस जाणारच नाही."

"तरी," ते म्हणाले.

ताईंनी त्यांच्या कोपराला धरून त्यांना पुढे चालवलं. भाजीवालीकडे कोवळा घेवडा आला होता. दोघं तिथे थांबली आणि निवडून घेऊ लागली.