डावं-उजवं

गुहांत उतरणाऱ्या आमच्या गटात डावखुरी मी एकटीच, आणि गटाचा म्होरक्या माझा सख्खा दादा. म्हणजे तक्रार करायची ती कुणाकडे?

त्या दिवशी गोदामाच्या तुळईला दोर बांधून, दोरावर चढायची तीन यंत्रं आम्ही ताडून बघत होतो. एकाचे दाते चिखलाने बुजतात, दुसऱ्याच्या दात्यांत खाच आहे म्हणून चिखल गळून जातो, तिसऱ्याची मूठ हातमोज्यासकट पकडता येते. सगळं रीतसर. फक्त तिन्ही यंत्रं उजव्या हाताची!

दोराच्या मध्यावर मुद्दाम गाठ मारलेली. तिथे छातीवर पट्ट्याने बांधलेल्या वेगळ्या यंत्राला लटकायचं, हातातल्याचा खटका अंगठ्याने उघडायचा आणि ते गाठीच्या वर लावायचं. माझ्या डाव्या मुठीत खटका पलीकडे जातो. अंगठा पोचणार कसा? तिन्ही वेळा मी तिथेच अडकले. खाली आले तर दादा म्हणतो, "छोटे, रविवारी तू वरच थांब. त्या खोल विवरात असं अडकून चालणार नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते विवर शोधलं होतं मीच!

"डाव्या हाताचं यंत्र मिळतं, दादा. मागव ना."

"एकटीसाठी वेगळं कशाला? यंत्र ते यंत्र, त्यात कसलं आलंय डावं-उजवं!"

लहानपणी अभ्यासाच्या टेबलाशी माझ्या उजव्या हातात पेन्सिल कोंबणारा हाच. "दादा, हात बदलू का?" मी रडवेली होऊन विचारायचे. "नाही," म्हणायचा. आयुष्यभर डावं-उजवं केलं याने, आणि आता मलाच शिकवतोय!

"नसतं ना डावं-उजवं? मग चढ डाव्या हाताने." मी यंत्र त्याच्या डाव्या मुठीत कोंबलं.

"हा तर माझ्या डाव्या हातचा मळ," म्हणत तो निघाला. आमच्यातला वेल्डर फिस्सकन हसला.

गाठीपर्यंत झपाझप गेला. मग थांबला. अंगठा ताणला, मनगट पिरगाळलं, यंत्राला शिव्या घातल्या. खटका काही हाती लागेना. उजवा हात सवयीने पुढे आला आणि सगळे बघताहेत म्हणून मागे गेला. छातीवरच्या यंत्राला लटकून तो हळूहळू गोल फिरत राहिला. आम्ही माना वर करून बघत होतो.

शेवटी वरून बारीक आवाज आला. "छोटे, हात बदलू का?"

"नाही," मी म्हणाले.