धोंडिबानं पाडलेला भांग

“दाजी, जाळं ऱ्हाऊ द्या तितंच आन् वर या!” सीताराम काठावरून ओरडला. “तंबूवाल्यांकडं पोरगा बुडालाय. हवालदार बोलावत्यात.”

धोंडिबानं हातातला कटला मासा होडीत टाकला. जानेवारीतली सकाळ होती आणि पवना धरणाच्या पाण्यावर अजून धुकं होतं.

“कवा बुडाला?”

“झाला आसंल तासभर.”

“मंग आता बोंबलून काय उपेग?” धोंडिबा म्हणाला, आणि जाळं तसंच सोडून जिवाच्या आकांतानं वल्ही मारायला लागला. त्याचं हे असंच होतं. तोंडानं एक, हातानं दुसरं.

होडी काठाला लागल्या लागल्या त्यानं सीतारामला, आपल्या मेव्हण्याला, ठरलेला दुसरा प्रश्न विचारला. “आईबाप कुटं हायत?”

“तळेगावला. फोन गेलाय. निघाल्यात म्हनं.”

धोंडिबानं मनात हिशोब केला. तळेगावहून पवनानगर सव्वा तास, पुढं काठाकाठानं वीस मिनिटं. म्हणजे दीड तास हातात आहे. त्याच्या आत पोरगा वर काढायचा आणि आईनं बघावा असा करून ठेवायचा. धोंडिबाला अशा वेळी एवढं एकच हवं असायचं, आणि ते साधलं नाही तर त्याला पुढं चार दिवस जेवण जात नसे.

धोंडिबा साधा मासेमार. वय चोपन्न, दात दोन कमी, पोहायला मात्र माशासारखा. लोणावळ्याची मुलं पाठीला सिलिंडर लावून येतात, ती चांगली मुलं आहेत, त्याला काकाही म्हणतात. पण रविवारच्या गर्दीतून ती येईपर्यंत वेळ जातो, म्हणून पोलीस आधी धोंडिबाला बोलावतात. एकदा पेपरात त्याचा फोटो आला होता. त्यात फक्त त्याची पाठ आहे. हिरानं, त्याच्या बायकोनं, तो कापून देवाच्या फळीवर ठेवला. पाहुण्यांना ती सांगते, “हे आमचं मालक. पाठ वळखती मी.” आतापर्यंत किती माणसं काढली असं कुणी विचारलं, तर धोंडिबा त्याच्या अंगावर जातो. म्हणतो, मासं मोजावं, मानसं न्हाई.

त्याच्या शर्टाच्या खिशात एक कंगवा असतो. तो स्वतःसाठी नाही, कारण स्वतःचं डोकं तो हातानंच सारखं करतो. अठरा वर्षांपूर्वी त्यानं पहिल्यांदा एक मुलगा काढला, तेव्हा जसा होता तसाच काठावर आणून ठेवला होता. केसांत शेवाळ, तोंडात चिखल. त्या मुलाची आई धावत आली आणि रडायचं सोडून शेवाळाचा एकेक धागा ओढून काढत बसली. लोक तिला उठवत होते आणि ती म्हणत होती, थांबा, जरा थांबा, अजून आहे. ते धोंडिबाच्यानं बघवलं नाही. तेव्हापासून तो माणूस काढला की आधी त्याला धुतो, तोंड पुसतो, डोळे मिटतो आणि केस विंचरतो. मगच चादर. हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

मुलाचे मित्र घोंगड्या पांघरून एका जागी बसले होते. शेवटचं डोकं कुठं दिसलं, असं धोंडिबानं विचारल्यावर चौघांनी चार ठिकाणं दाखवली. एक मुलगी तेवढी उठून पाण्याजवळ आली. तिचं नाव अपूर्वा. मुलाच्या घरी फोन तिनंच केला होता. तिनं समोरच्या वाळक्या झाडाच्या रेषेत हात केला. तो हात जागचा हलला नाही.

“तिथं. त्या झाडापर्यंत जाऊन येतो म्हणाला. पोहता येतं त्याला, काका. क्लास लावला होता.”

“व्हय बाळा,” धोंडिबा म्हणाला. “पन हे पानी क्लासातलं न्हाई. पायात गोळा आला की संपलं.”

सीतारामनं त्याच्या कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला. लोखंडी गळ टाकून शोधायची पद्धत धोंडिबाला आवडत नाही, कारण गळ अंगाला लागतो. तो पायानं आणि हातानं शोधतो. खाली पाच हातांवर काही दिसत नाही आणि जानेवारीतलं पाणी कानशिलात सुईसारखं टोचतं. पहिल्या पाच बुड्या फुकट गेल्या. पाचव्या वेळी वर आला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते.

“दाजी, बास करा. ती सिलिंडरवाली पोरं खिंडीत आल्यात म्हनं.”

“आन् आई कुटवर आलीय?”

सीतारामनं दोर सैल सोडला. धोंडिबा पुन्हा खाली गेला.

सहाव्या बुडीला त्याच्या हाताला हात लागला. दर वेळी म्हणतो तेच तो मनातल्या मनात म्हणाला, चल बाबा, आई येतीय. त्यानं दोराला दोन हिसके दिले.

खडकाच्या आडोशाला त्यानं मुलाला नीट निजवलं. वीस-एकवीस वर्षांचा असेल. धोंडिबानं कळशीभर स्वच्छ पाणी घेतलं, नाकातोंडातली माती काढली, कान पुसले, डोळे मिटले. मुलाचे केस लांब होते आणि पार डोळ्यांवर आले होते. ह्या पोरांना दिसतं तरी कसं, असं त्याला वाटलं. त्यानं ते केस मागं घेतले, कंगव्यानं चापूनचोपून बसवले आणि डावीकडून सरळ भांग पाडला. धोंडिबा शाळेत जाताना त्याची आई त्याचा पाडायची, तसा. शाळेच्या फोटोसाठी बसवलेल्या मुलासारखा तो दिसायला लागला.

“ब्येस दिसतोय, दाजी,” सीताराम हळूच म्हणाला.

हवालदारांनी ओळख पटवायला अपूर्वाला आणलं. तिनं लांबूनच पाहिलं, “रुचिरच आहे” म्हणाली आणि तोंडावर हात दाबून परत फिरली. हवालदारांनी लिहून घेतलं. धोंडिबानं चादर ओढली. तेवढ्यात वरच्या रस्त्याला पांढरी गाडी दिसली. वेळेत झालं, असं वाटून त्याला त्याही वेळी जरा बरं वाटलं.

गाडी पुरती थांबायच्या आत रुचिरची आई, अनघाताई, उतरल्या. तळेगावच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या. रडत नव्हत्या. सरळ चालत आल्या. मागून त्यांचे यजमान, प्रदीपराव, ठेचकाळत उतरत होते.

“ताई, दोन मिनिटं बसून घ्या,” हवालदार म्हणाले.

“बाजूला व्हा. मला बघू दे.”

चादर धोंडिबाच काढायचा. हनुवटीपर्यंत, त्याखाली नाही. त्यानं ती हळूच काढली.

प्रदीपरावांनी एकदाच पाहिलं आणि ते ओल्या मातीत खाली बसले. अनघाताई उभ्याच राहिल्या. त्या बघत होत्या. बराच वेळ बघत होत्या. मग त्यांच्या छातीतून मोठा श्वास बाहेर पडला आणि त्यांचा चेहराच बदलला.

“हा नाही,” त्या म्हणाल्या. “अहो, हा रुचिर नाही.”

त्या मातीत बसलेल्या यजमानांकडं वळल्या.

“अहो, उठा ना! बसलात काय? हा आपला नाहीच आहे. कपाळ बघा ना केवढं मोठं. रुचिरचं असं आहे का? आणि असा भांग? मी लहानपणी तेल लावून पाडायला गेले तरी पाडू द्यायचा नाही तो. हा कुणीतरी इथलाच मुलगा आहे.” त्या हवालदारांकडे वळल्या. “साहेब, तुमची काहीतरी चूक झालीये. माझा मुलगा अजून पाण्यातच असेल, नाहीतर पलीकडच्या काठाला निघाला असेल. तिकडं कुणी बघितलंत का? फोन नसेल त्याच्याजवळ. घाबरून बसला असेल कुठंतरी.”

“अनघा,” प्रदीपराव म्हणाले.

“काकू...” म्हणत अपूर्वा रडायला लागली. हवालदार हातातल्या पेनाकडं बघत राहिले.

अनघाताईंनी पुन्हा एकदा त्या मुलाकडं पाहिलं आणि त्यांचे डोळे पहिल्यांदा भरून आले.

“कुणाचं लेकरू आहे हो हे?” त्या म्हणाल्या. “याच्या आईला कळवलंत का? आधी तिला कळवा. बिचारी कुठं असेल, काय करत असेल.”

काय झालंय ते तिथं फक्त धोंडिबाला कळलं होतं. या बाईच्या मनात जी आशा उभी राहिली होती, ती त्याच्या कंगव्यानं उभी केली होती. अठरा वर्षं तो हे करत आला आणि एकदाही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं की प्रत्येक पोराचा भांग काही डावीकडून नसतो. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

गप्प राहता आलं असतं. हवालदारांनी पाकीट दाखवलं असतं, मोबाइल दाखवला असता. ते त्यांचंच काम होतं. पण भांग धोंडिबानं पाडला होता.

तो गुडघ्यावर बसला.

“ताई,” तो म्हणाला, “भांग म्या पाडलाय.”

“काय?”

“पान्यातनं काढल्यावर केस म्या इचरलं. आदी असं न्हवतं. कपाळावर हुतं समदं.”

धोंडिबानं दोन्ही हातांच्या बोटांनी ते केस पुढं आणायला सुरुवात केली. ओले केस बसवले तसे बसून राहिले होते. एक बट पुढं आणावी तर दुसरी मागं जायची. त्याची बोटं गारठ्यानं आखडली होती. आयुष्यात इतकं अवघड काम त्यानं केलं नव्हतं. थोडं थोडं करत कपाळ झाकत गेलं. भुवईवर एक बट आली, मग दुसरी.

“अजून,” अनघाताई म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. “उजवीकडं जास्त असतात त्याचे.”

धोंडिबानं उजवीकडचे केस डोळ्यापर्यंत ओढले आणि हात बाजूला घेतले.

मग त्या खाली बसल्या, मुलाचं डोकं मांडीवर घेतलं, आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून सीताराम पाठ फिरवून पाण्याकडं तोंड करून उभा राहिला. धोंडिबानं असं रडणं पुष्कळ ऐकलं होतं. आई आली की आपलं काम संपलं, असं म्हणून तो दर वेळी निघून जायचा. या वेळी त्याचा पाय निघाला नाही. ओल्या चड्डीवर, उघड्या अंगानं तो तिथंच गुडघे टेकून बसून राहिला, आणि त्याच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

पंचनामा झाला. ॲम्ब्युलन्स आली. मुलाला आत ठेवलं तेव्हा प्रदीपराव मागचं दार एका हातानं धरून उभे होते. अनघाताई खाली थांबल्या होत्या. धोंडिबा त्यांच्याजवळ गेला.

“ताई, चुकलं माजं. चांगलं दिसावं म्हून केलं. आसं व्हईल आसं वाटलं न्हाई.”

त्यांनी त्याच्याकडं पाहिलं.

“खूप खोल होता का हो, भाऊ?”

“न्हाई. लय न्हाई.”

“अंधार असेल ना खाली?”

धोंडिबाला खोटं बोलता आलं असतं. “हाय अंधार,” तो म्हणाला. “पन वर येताना एकटा न्हवता त्यो. मी हुतो संगं. हाताला धरूनच आनला.”

त्यांनी मान हलवली. मग त्यांचं लक्ष त्याच्या खांद्यांकडं गेलं. अंगावर काटा होता, दात वाजत होते, केसांतून पाणी ठिबकत होतं. तासाभरात त्याचं अंग पुसायचं कुणाला सुचलं नव्हतं, त्याला स्वतःलाही नाही.

“थांबा,” त्या म्हणाल्या.

त्या गाडीकडं गेल्या आणि मागच्या सीटवरून एक कापडी पिशवी घेऊन आल्या. फोनवर अपूर्वानं त्यांना एवढंच सांगितलं होतं की रुचिर पाण्यात पडलाय, लवकर या. त्यामुळं निघताना त्यांनी घाईघाईनं जे भरायचं ते भरलं होतं. पिशवीत एक स्वेटर होता, पायमोजे होते, आल्याच्या चहाचा थर्मास होता. त्यांनी त्यातून मोठा टॉवेल काढला.

“नगं, ताई,” धोंडिबा मागं सरला. “पोराचा हाय त्यो. माजं अंग बगा कसं चिखलाचं.”

“खाली बसा,” अनघाताई म्हणाल्या. “माझा हात पुरत नाही.”

वर्गात बोलत असतील तशाच आवाजात त्या बोलल्या. धोंडिबा मुकाट्यानं दगडावर बसला. त्यांनी टॉवेल त्याच्या डोक्यावर टाकला आणि दोन्ही हातांनी खसाखसा पुसायला लागल्या. आधी माथा, मग कानामागं, मग मान. त्यांच्या हातांना ते ठाऊक होतं. चोपन्न वर्षांचा धोंडिबा मान खाली घालून, हात मांडीवर ठेवून बसून राहिला. टॉवेलातून त्याला काही दिसत नव्हतं. वर त्या रडत होत्या की नव्हत्या, तेही त्याला कळलं नाही.

ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरनं एकदा हॉर्न वाजवला. मग त्यानं आरशात पाहिलं आणि गाडी बंद केली.