डावी करंगळी

टायपिस्टबाईंना दूरच्या मशीनची देखरेख करायची नोकरी लागून महिना झाला होता. कायम करायचं की नारळ द्यायचा, हे साहेब आज ठरवणार होते.

काम तसं सोपं. ग्रंथालय दहाला उघडायच्या आत पुस्तकांची यादी जुन्या मशीनवरून नव्यावर न्यायची. मशीन परगावी, बाई घरी, आणि पडद्यावर एक काळी खिडकी. तिच्यातून पुस्तकांची नावं सरसर वर चालली होती, ती पावणेदहाला जी थांबली ती थांबलीच.

महिन्याभरातली ही सातवी खेप. बाईंनी वायफाय बदललं, कीबोर्ड बदलला, नवऱ्याशी भांडूनही पाहिलं. जखम मांडीला आणि मलम शेंडीला! आजही त्यांनी कळा बडवल्या, रागाच्या भरात मशीनला चार शब्दही टाइप करून सुनावले. पडद्यावर अक्षर उमटेल तर शपथ.

साहेब आपल्या घरून तीच खिडकी बघत होते. फोनवर म्हणाले, "थांबायच्या आधी काय दाबलंत?"

"काही नाही, साहेब. आपोआप थांबलं."

शेजारी सासरे शर्टाला काजं करत बसले होते. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस, नजर कायम दुसऱ्याच्या हातावर. ते हळूच म्हणाले, "सूनबाई, दर वेळी तुझी डावी करंगळी कोपऱ्यात जाते, आणि मग ते थांबतं."

बाईंनी आपल्या करंगळीकडे पाहिलं. कंट्रोल आणि एस! एकदा वीज गेली आणि कुणाचा तरी दोनशे पानांचा प्रबंध पुसला गेला, तेव्हापासून दर दोन ओळींनी जतन करायची ही खोड. आता गप्प बसलं तर इंटरनेटच्या माथी मारून मोकळं होता आलं असतं.

"साहेब, मीच थांबवते," त्या म्हणाल्या. "सवयीनं कंट्रोल-एस दाबते. सातही वेळा मीच."

"अहो, या काळ्या खिडकीत त्याचा अर्थ 'थांब'! कंट्रोल-क्यू दाबा."

नावं पुन्हा धावू लागली. दहाला पाच कमी असताना यादी संपली, आणि तिच्याखाली बाईंचे अडकलेले शब्द उमटले: मर मेल्या. त्यावर मशीनचं सभ्य उत्तर आलं, अशी आज्ञा सापडली नाही.

साहेब पोट धरून हसले. मग म्हणाले, "तुमच्या आधीचा माणूस सहा महिने इंटरनेटला शिव्या घालत राहिला, म्हणून गेला. तुम्ही कायम."

"काय म्हणाले गं?" सासऱ्यांनी विचारलं.

"कायम केलं, बाबा," म्हणत बाई ढसाढसा रडल्या.