शीळ घालणारी कवळी

दातवालीच्या कामाच्या खोलीत भिंतीच्या फळीवर जबडे मांडलेले असत. प्लास्टरचे, पांढरेफटक, आ वासलेले, प्रत्येकाच्या बुडाशी पेन्सिलने घातलेला नंबर. नवखं माणूस आत आलं की दचकायचं. तिची आई मात्र दुपारची त्यांच्यासमोर बसून खुशाल मटार सोलायची. "निदान मधे मधे बोलत तरी नाहीत," म्हणायची.

दातवाली म्हणजे कवळ्या करणारी. पुढच्या खोलीत डॉक्टर बसत. ते दात उपटत, तोंडाचा ठसा घेत, आणि मागच्या खोलीत ती त्या ठशावरून नवे दात उभे करी. तीस वर्षं हेच चाललं होतं. कुठल्या शाळेत शिकली नव्हती. बघून बघून शिकली आणि उरलेलं चुकून चुकून. आसपासच्या निम्म्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात तिचे दात होते. ती तिला रस्त्यात ओळखत नसत, पण कुणी हसलं की ही मनात म्हणायची, अरे, हे तर आपलंच.

एके दुपारी एक सडपातळ म्हातारे गृहस्थ पुढचं दार सोडून मागच्या दाराने आले. बारा दिवसांपूर्वी डॉक्टरांनी त्यांना वरची कवळी बसवली होती.

"दात सुंदर झालेत," ते म्हणाले. "इतके चांगले दात मला जन्मात नव्हते."

हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं. त्याच्या शेपटाला एक 'पण' असतो.

"पण?"

"पण शीळ येत नाही."

म्हातारा चेष्टा करतोय असं तिला वाटलं. कारण कवळीच्या धंद्यात सगळ्यांत मोठी तक्रार उलटी असते. स म्हणायला जावं आणि दातांतून शिट्टी निघावी, समोरच्याने हसू दाबावं, अशी. ती तक्रार नाहीशी करण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

"कवळी शिट्टी मारते म्हणून लोक येतात, काका. मारत नाही म्हणून आलेले तुम्ही पहिलेच."

"असेन. पण माझं कामच ते होतं. सिनेमाच्या गाण्यांत शीळ घालायचो मी." ते जरा संकोचले. "पोस्टमनचा सिनेमा आठवतो का? सायकलवरचं गाणं?"

कोपऱ्यात मटार सोलायचे थांबले.

"ती शीळ हिरोने घातलीय," आई म्हणाली. "अकरा वेळा पाहिलाय मी तो सिनेमा."

"हिरोला गरम दूध फुंकता येत नव्हतं हो, ताई."

"मी डोळ्यांनी पाहिलंय त्याला ओठांचा चंबू करताना."

"किती वेळ पाहिलंत? पहिली ओळ होईतो. मग कॅमेरा कुठे जातो?"

आईने आठवून पाहिलं. कॅमेरा मागे जातो. तो उतार, ती सायकल, पाठीवरची खाकी थैली आणि हिरोची पाठ. त्या पाठीवर तर ती तरुणपणी जीव टाकायची. चेहरा न दाखवता अख्खं गाणं पाठीवर तोलून धरलं म्हणून त्या सिनेमाची केवढी वाहवा झाली होती.

"सतरा वेळा घेतलं ते दृश्य," शीळवाले म्हणाले. "गाल फुग्यासारखे फुगायचे त्याचे. शेवटी दिग्दर्शक वैतागला आणि म्हणाला, मागून घ्या. एवढीच काय ती कलात्मक दृष्टी."

दातवालीला हसू आलं. आईला नाही आलं. ती म्हाताऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती, जणू काही त्या पाठीचा चेहरा आत्ता, एवढ्या वर्षांनी, वळून समोर आला होता.

त्या गाण्याची सगळी गंमत कशात आहे, हे सिनेमा न पाहिलेल्याला कळणार नाही. पोस्टमनचं जिच्यावर मन असतं तिचं लग्न दुसरीकडे ठरल्याचं पत्र त्याच्याच थैलीत असतं. सगळ्या थिएटरला ते ठाऊक. त्याला एकट्याला नाही. तो आपला तिला भेटायला मिळणार म्हणून मजेत शीळ घालत उतारावरून सुटतो. एवढी हसरी चाल, आणि लोक रुमाल काढतात.

"मी ती अशी कशी घातली ते सांगू?" शीळवाले म्हणाले. "मला पत्राचं कुणी सांगितलंच नव्हतं. संगीतकार म्हणाले, आनंदात घाला, झालं. नंतर थिएटरात बसलो आणि कळलं, आपण काय करून बसलोय. मी त्यांना विचारलं, सांगितलं का नाहीत? तर म्हणाले, सांगितलं असतं तर तुमच्या शिळेला कळलं असतं."

मटारचं ताट बाजूला सरकलं. मग आई म्हणाली, "बसा की. उभे का?"

बसल्यावर खरं काय ते निघालं. त्या सिनेमाला पन्नास वर्षं होत होती. त्याच जुन्या थिएटरात, तीन आठवड्यांनी, रविवारी दुपारच्या खेळाला तो दाखवणार होते, आणि हे गाणं आलं की पडद्याचा आवाज बंद करून खाली वाद्यवृंद वाजवणार होता. शीळ ह्यांची. सिनेमाच्या सुरुवातीच्या पाट्यांवर ह्यांचं नाव कधीच नव्हतं. घरच्यांनाही धड पटलेलं नव्हतं.

"बायको म्हणायची, असाल हो तुम्ही. चाळीस वर्षं 'असाल हो'. गेली तीही तेवढ्यावरच." त्यांनी घसा खाकरला. "नाही जमलं तर बासरीवाला बघून ठेवलाय त्यांनी. चांगला आहे मुलगा. पण मला एकदा लोकांसमोर घालायचीय. एकदाच."

"ओठांनी नाही जमत?"

"ओठांनी काय, सगळेच घालतात. माझा वारा दातांतून यायचा. समोरच्या दोन दातांत फट होती माझ्या."

दातवालीची नजर फळीकडे गेली. फट तिने पाहिली होती. दात काढायच्या आधीचा त्यांचा साचा फळीवर होता, आणि त्यात ती फट स्पष्ट होती. तिनेच ती बुजवली होती, न विचारता, सवयीने. लोक लग्नातले फोटो घेऊन येत, असेच दात करा म्हणत, आणि जाताना दारात हळूच सांगत, फट तेवढी नको. पुढे पुढे सांगायचीही गरज उरली नाही. दिसली फट की बुजव. ह्या माणसाची अख्खी कारागिरी तिने दोन मिनिटांत बुजवून टाकली होती, वर बोटाने पॉलिश करून.

"माझी चूक आहे, काका," ती म्हणाली. "कवळी ठेवून जा."

डॉक्टरांना सांगितलं तर ते चष्म्यावरून बघायला लागले.

"फट ठेवायची? आणि मुद्दाम शिट्टी मारणारी करायची? अहो बाई, लोक विचारतील ना, कुणी केली. माझं नाव सांगतील."

"माझं सांगू दे."

"तुमचं नाव कुणाला माहितीये?"

"तेच म्हणतेय मी. काही बिघडत नाही."

डॉक्टर माणूस वाईट नव्हते, नुसते नीटनेटके होते. "मेणात करून दाखवा," म्हणाले. "वाजली तर पक्की करू. नाही वाजली तर हीच घालू दे त्यांना. चावायला तर येतं ना?"

कवळी पक्की करण्याआधी दात मेणात बसवून तोंडात घालून बघतात. मेण आहे तोवर दात हलवता येतो. एकदा पक्की झाली की झाली. दातवालीने जुन्या साच्यावरून फट मोजली, तेवढीच ठेवली, आणि शीळवाल्यांना बोलावलं. त्यांनी तोंड किंचित हसल्यासारखं केलं, जीभ मागे घेतली आणि फुंकलं.

नुसता वारा आला. खिडकीच्या फटीतून येतो तसा.

"फट तर तीच आहे," ती म्हणाली.

"तुझ्या साच्यातले दात कधीचे?" आईने विचारलं. "हलायला लागल्यावरचे ना? मग ती म्हातारपणची फट. गाणं ह्यांनी पंचविशीत घातलंय."

हे मात्र खरं होतं. पंचविशीतल्या फटीचं माप कुणाकडे असणार? फोटोत शीळवाले कुठेही तोंड उघडून हसलेले नव्हते. फटीची लाज वाटायची, म्हणाले.

मग माप कानाने घ्यायचं ठरलं, आणि कान आईचे. अकरा वेळांपैकी सात वेळा तर ती निव्वळ त्या गाण्यापुरती थिएटरात जाऊन बसली होती. रोज दुपारी तीन वाजता शीळवाले येत, दातवाली दिव्यावर सुरी तापवून मेण सैल करी, एक दात केसभर सरकवी, गार पाण्यात कवळी बुडवून त्यांच्या हाती देई, आणि ते फुंकत. आई डोळे मिटून ऐके.

"हे कुकर झालं."

पुन्हा मेण, पुन्हा दिवा.

"हा साप आहे."

"ताई, जरा धीर द्या की हो," शीळवाले म्हणायचे.

"धीर द्यायला मी नाही बसले. ऐकायला बसलेय."

चौथ्या दिवशी फट बरोबर होती, ते तिघांनाही कळत होतं, तरी शीळ अर्ध्यात फाटत होती. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या दातवालीला तिच्या एका जुन्या फजितीची आठवण झाली. एका शाळेतल्या बाईंची कवळी. बिचाऱ्या वर्गात हजेरी घ्यायला लागल्या की शिट्टी, आणि पोरं खिदळायची. तेव्हा तिने काय काय करून पाहिलं होतं. दातांना हात लावून काही झालं नव्हतं. शेवटी दोष सापडला होता दातांच्या मागे. तालूकडचा भाग जाड राहिला होता, मधे एक बारीक पन्हळ तयार झाली होती, आणि वारा तिच्यातून सरळ फटीवर येत होता. ती पन्हळ तिने घासून सपाट केली आणि शिट्टी मेली. त्यानंतर तिच्या हातून एकही कवळी तशी झाली नव्हती. आपल्या हातच्या त्या एका वाईट कामाची तिला तीस वर्षं लाज होती, आणि आता तेच जसंच्या तसं पुन्हा करायचं होतं.

चूक मुद्दाम करायला चांगलं काम करण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, हे तिला त्या सकाळी कळलं. हात आपोआप सपाट करायला जायचा. ती त्याला दटावून मागे घ्यायची. दातांच्या मागे मेणाचा थर चढवला, सुरीच्या टोकाने मधोमध पन्हळ कोरली, पुढे निमुळती, मागे पसरट.

तीन वाजता शीळवाल्यांनी ती घातली. जिभेने आतून चाचपली. त्यांचा चेहरा बदलला.

"इथे काहीतरी आहे," ते म्हणाले.

"असू दे. फुंका."

त्यांनी फुंकलं आणि शीळ आली. पातळ, गोल, कडा नसलेली. ती खोलीभर फिरली, फळीवरच्या जबड्यांसमोरून गेली, आणि गाण्याची पहिली ओळ सुरू झाली तेव्हा त्या माणसाने डोळे मिटून घेतले होते. एवढा सडपातळ म्हातारा, अंगात धड वारा नाही, आणि त्यातून हे निघत होतं. दातवालीने ते गाणं रेडिओवर शेकडो वेळा ऐकलं होतं, स्वयंपाक करताना, साचे घासताना. कुणी तरी उभं राहून, पोट आत घेऊन, एकेक सूर असा दातांत धरून सोडला असेल, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

पुढच्या खोलीतून डॉक्टर आले. एका हातात हातमोजा तसाच, आणि मागे खुर्चीत पेशंट तोंड उघडून बसलेला. दारात उभे राहून त्यांनी ओळ संपेपर्यंत ऐकलं.

"पक्की करा," म्हणाले आणि गेले.

आईने डोळे उघडले. "जवळ आलात," ती शीळवाल्यांना म्हणाली. तिच्याकडून ही फार मोठी पदवी होती.

दातवालीने त्यांना आधीच सांगून टाकलं की ही कवळी बोलतानाही शिट्टी मारेल. बोलायला दुसरी करून देते, ही गाण्यापुरती ठेवा. ते म्हणाले, एकच पुरे. घरी बोलायला आहे कोण, आणि बाहेर कुणी हसलं तर विचारेल तरी, ही शिट्टी कसली म्हणून.

रविवारी थिएटर गच्च भरलं होतं. मायलेकींना आणि डॉक्टरांना दुसऱ्या रांगेत बसवलं होतं. बासरीवाला मुलगा बासरी मांडीवर ठेवून बाजूलाच बसला होता. गाण्याची वेळ आली तेव्हा पडद्याचा आवाज बंद झाला, वाद्यवृंद सुरू झाला, आणि शीळवाले माइकपासून दोन पावलं लांब, जरा तिरके उभे राहिले. समोर उभं राहिलं तर फुंकर माइकवर आदळते, असं त्यांनी सांगितलं होतं. पडद्यावर पंचविशीतला हिरो ओठांचा चंबू करून पाठमोरा झाला, आणि खाली पंचाहत्तर वर्षांच्या माणसाने त्याच्यासाठी शीळ घातली.

रेकॉर्डमधल्यासारखी ती नव्हती. थोडी खालच्या पट्टीतली, कडेला किंचित खरखरणारी. पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या शिळेला पत्राचं ठाऊक नव्हतं. हिला होतं, आणि तरीही ती हसत होती.

दातवालीने रांगेकडे पाहिलं. पडद्याच्या उजेडात सगळ्यांचे ओठ, त्यांच्या नकळत, पुढे आले होते. डॉक्टरांचेसुद्धा.

"इकडे तिकडे काय बघतेस," आईने कोपराने ढोसलं. "उतार येतोय आता."

उतारावर एकच लांब सूर आहे, सायकल तळाला पोचेपर्यंत. शीळवाल्यांनी छाती भरून घेतली. सायकल सुटली. मध्यावर सूर थरथरला, बासरीवाल्याचा हात मांडीवरून उठला, शीळवाल्यांनी एक चोरटा श्वास घेतला आणि सूर पुन्हा धरला, आणि तो धरूनच ठेवला, पोस्टमन उतरून सायकल कुंपणाला टेकवीपर्यंत. मुलाने बासरी मांडीवर परत ठेवली आणि सगळ्यांच्या आधी टाळी त्याने वाजवली.

"मधे एक श्वास जादा घेतला," आई म्हणाली. "पण पोचले."

लोक उभे राहिले होते. शीळवाल्यांनी एकदा क्षणभर पाठ फिरवली, आणि बघणाऱ्यांना वाटलं, म्हातारा डोळे पुसतोय. ते अंगठ्याने वरची कवळी जागेवर दाबत होते, हे त्या गर्दीत एकट्या दातवालीला कळलं. तालूशी किंचित सैल राहिली होती. सोमवारी बोलवायला हवं, तिने मनाशी ठरवलं, आणि तीही टाळ्या वाजवायला उभी राहिली.