मधली टाइल

मधल्या टाइलची कड सरळ होती... अगदी सरळ, पट्टी लावून ओढावी तशी, आणि मंजुषाचं बोट तिच्यावरून पुन्हा पुन्हा फिरत होतं, कारण तिच्या हातून अशी कड जन्मात निघाली नव्हती.

बाकीच्या सगळ्या टाइल्स तिच्या. इथे अमेरिकेत, अल्फारेटातल्या स्टुडिओत दोन हिवाळे माती मळून, लाटून, कापून, भट्टीतून काढलेल्या. फुटल्या तेवढ्या फुटल्या. उरलेल्या बसवून एका फर्निचर डिझायनरकडून अक्रोडाच्या लाकडाचं हे कॉफी टेबल करून घेतलं. मधली टाइल एका कोपऱ्यात जराशी उचललेली. डिझायनर म्हणाला, ही नको. मंजुषा म्हणाली, हीच, आणि हीच मध्ये. तिच्यात निळा रंग असा काही उतरला होता की... आणि आता तिथे हा दुकानातला गुळगुळीत तुकडा!

"अगं, कप डगमगायचा," हेमचंद्र सकाळी सिरियल खाता खाता म्हणाले होते. "तू लेकीकडे गेलीस ना, तेव्हा लेव्हल लावून बघितली. चांगला पाव इंच फरक! रिप्लेस करून टाकली. सरप्राइज! जुनी काढताना तुटली, फेकली."

फेकली. जन्मभर पूल बांधलेला माणूस— जळली मेली ती लेव्हल! एका शब्दानं विचारायचं तरी. स्वयंपाकघरातला डबा हलवायचा तर हाका मारतात, 'मंजू, इथे ठेवू का?' आणि हे मात्र परस्पर. वर म्हणे सरप्राइज! तिचं डोकं इतकं सणकलं होतं की चहात साखर दोनदा पडली.

संध्याकाळी तिची मैत्रीण शैलजा आणि तिचा नवरा संजीव आले. टेबल बघायलाच आले होते.

"काय सुंदर केलंयस गं!" शैलजा वाकून टाइल्सवरून बोट फिरवत म्हणाली. "आणि ही मधली तर एकदम प्रोफेशनल!"

हेमचंद्र हसले. हसले, आणि गप्प राहिले... मंजुषाच्या अंगाची लाही लाही झाली.

"ती माझी नाही," ती म्हणाली. "विकतची आहे."

शैलजानं बोट मागे घेतलं. संजीव खिडकीबाहेर बघायला लागला.

"अगं, सांगायचं कशाला?" हेमचंद्र हळूच म्हणाले, तिची बाजू सावरून घ्यावी तसे. "कुणाला कळणार होतं?"

कुणाला कळणार होतं... म्हणजे कपाचं निमित्तच होतं. चार लोकांत बायकोचं वाकडं काम दिसायला नको, म्हणून झाकलं. प्रेमानं झाकलं! भाजी खारट झाली की गुपचूप दही कालवून खातात ना, तसं. आणि ती दोन हिवाळे वेड्यासारखी एकेक टाइल घरी आणून त्यांच्या हातात देत होती, आणि ते 'वा, छान' म्हणत होते, आणि तिला ते खरं वाटत होतं.

भांडायचे शब्द सकाळपासून घोळवून ठेवलेले होते. ते आता तोंडाशी येईनात. राग तसाच धगधगत होता, पण त्याच्या पोटात काहीतरी गार पडत चाललं होतं... बाकीच्या टाइल्स? त्या ह्यांना खरंच कशा दिसतात? पाहुणे गेले की विचारायचं, असं ती मनाशी म्हणाली. आणि पाहुणे जाऊच नयेत, असं तिला वाटायला लागलं.